स्लोला थरथरणारी, पेट्रोलचा वास मारणारी जुनी मारुती ८००: कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासायचं

सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरतं, रेस सोडली की इंजिन बंद पडायला बघतं, काच खाली केली की पेट्रोलचा वास येतो. कार्बोरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या मारुती ८०० ची ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की अनेक ठिकाणी तिच्यावर एकच इलाज होतो: कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. इंजिन तेवढ्यापुरतं सुधारतं आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. कारण बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर चुकीच्या सेटिंगची भर पडते. म्हणून या लेखात स्क्रू सगळ्यात शेवटी येतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ७९६ सीसीचं हे इंजिन तीन सिलिंडरचं आहे. ते चांगल्या स्थितीत असलं तरी स्लोला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, थोडी थरथर असतेच, पण ती एकसारखी असते. बिघाडाची थरथर वेगळी कळते: मध्येच ठोका चुकतो, गिअरचा दांडा हिसका खातो, सायलेन्सरमधून ‘फट्‌... फट्‌’ असा तुटक आवाज येतो. चारमधला एक सिलिंडर गेला तर पाव ताकद जाते, तीनमधला गेला तर तिसरा हिस्सा जातो. त्यामुळे या गाडीत एक प्लग जरी नीट पेटत नसला तरी अख्खी गाडी हलते.

वास येत असेल तर गाडी चालू करायची नाही

हा नियम कामाच्या प्रत्येक पायरीवर पाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहते. गाडी मोकळ्या हवेत ढकलत आणा. विडी-सिगारेट, देवाचा दिवा, वायर लावलेला उघडा बल्ब यांतलं काहीही जवळ नको. उजेडासाठी साधी एलईडी बॅटरी पुरते, पण ती गाडीपासून दूर उभं राहून चालू करा. हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा. इंजिन गार होऊ द्या, मग १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उपयोगाची नाही, उलट जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

पुढच्या काही तपासण्या इंजिन चालू ठेवून करायच्या आहेत. त्या बंद गॅरेजमध्ये करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्रास सुरू झाल्याचं वेळेत कळत नाही.

वास कधी येतो, यावरून अर्धं निदान होतं

गाडी उघडण्याआधी, वास आतापर्यंत कधी कधी आला ते आठवून लिहून काढा. रात्रभर उभ्या गाडीजवळ सकाळी वास येत असेल, तर कुठेतरी गळती आहे. टाकी फुल केल्यावरच एक-दोन दिवस वास येतो आणि पातळी उतरली की थांबतो, तर टाकीच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप चिरलेला असतो किंवा झाकणाचं वॉशर कडक झालेलं असतं. गरम गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेटजवळ वास आला, तर संशय कार्बोरेटरवर घ्या. आणि वास फक्त सायलेन्सरच्या धुराला असेल, तर पेट्रोल गळत नाही, ते इंजिनात न जळता बाहेर पडतंय. मागच्या दाराचं रबर झिजलं असेल तर हाच धूर चालत्या गाडीत आत ओढला जातो आणि पेट्रोल आत गळतंय असं वाटतं.

इथे नवशिके हमखास फसतात. धुराला पेट्रोलचा वास म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, असं धरून चालतात. तसं नेहमीच नसतं. प्लग पेटलाच नाही तर त्या सिलिंडरमधलं सगळं पेट्रोल तसंच बाहेर येतं. मिश्रणात हवा फार जास्त झाली तरी ते नीट पेटत नाही आणि वास तोच येतो. म्हणजे एकाच वासाची तीन कारणं: पेट्रोल जास्त, हवा जास्त, ठिणगी नाही. स्क्रू यांतल्या फक्त पहिल्यावर उपयोगी पडू शकतो, आणि तोही क्वचित.

पायरी पहिली: गळती शोधा

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. सकाळी पाहा. पेट्रोल उडून जातं, पण कागदावर कडा असलेला डाग उरतो. डाग समोरच्या चाकांच्या मध्ये आहे की मागे, यावरून दिशा कळते.

मग पेट्रोलचा रस्ता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत हाताने चाचपत या. टाकीपासून गाडीखालून लोखंडी नळी पुढे येते, तिथून रबरी पाइप, फिल्टर, पुन्हा रबरी पाइप, इंजिनाच्या हेडवर बसवलेला पेट्रोल पंप, तिथून कार्बोरेटर. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी वेगळी असते, ती विसरू नका. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून दाबा. ओला झाला, तर जागा सापडली. रबरी पाइप बोटांत धरून वाकवा. बाहेरून ठीक दिसणारा पाइप वाकवल्यावर क्लिपजवळ बारीक भेगा दाखवतो. दाबल्यावर लिबलिबीत लागला किंवा लाकडासारखा कडक वाटला तरी तो बदलायचा.

जुन्या गाड्यांमध्ये हे आता जास्त जपायला हवं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नव्वदच्या दशकातले रबरी पाइप, डायाफ्राम (पंपातला लवचिक पडदा) आणि वॉशर त्या हिशेबाने बनवलेले नव्हते. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, नंतर आक्रसतं आणि चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसू शकतं. नवा पाइप घेताना दुकानात ‘पेट्रोलचा, इथेनॉल चालणारा’ असं स्पष्ट सांगा. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असेल तर उत्तम. पारदर्शक प्लास्टिकची नळी कधीही लावू नका, इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन निसटते. व्हॅक्यूमचा (इंजिनाच्या ओढीने फक्त हवा ओढणारा) पाइप पेट्रोलसाठी चालत नाही. क्लिप पाइप घट्ट बसेल इतकीच आवळा, जास्त आवळली तर तीच रबर कापते. फिल्टरवरचा बाण पंपाच्या दिशेने हवा.

आता डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर पंपाचा डायाफ्राम फाटलाय आणि पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही आणि काही किलोमीटरांत इंजिन जाऊ शकतं. पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच चावी फिरवा. डायाफ्राम फाटला की पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातूनही थेंब येतात, तेही पाहून घ्या.

गाडीला एलपीजी किट असेल तर कुजकट, कोबी सडल्यासारखा वास हा गॅसचा असतो, पेट्रोलचा नाही. तिथे सिलिंडरचा व्हॉल्व बंद करा आणि किटचं काम करणाऱ्यालाच बोलवा.

पायरी दुसरी: प्लग वाचा

गळती नाही, किंवा होती ती काढली, हे पक्कं झाल्यावरच इकडे या. इंजिन गार असताना वायरींवर १, २, ३ अशा चिठ्ठ्या लावा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर. वायर ओढताना रबरी टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. प्लगच्या खोबणीतली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लगच्या २१ च्या पान्याने तिन्ही काढा आणि पांढऱ्या कापडावर क्रमाने ठेवा.

आता नीट पाहा. बिस्किटासारखा करडा-तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे तो पेटतच नाही. तेलकट काळा, चकचकीत थर म्हणजे इंजिन ऑइल वर चढतंय. पांढराफटक, भाजलेला म्हणजे हवा जास्त.

रंगाइतकंच महत्त्व तिघांच्या तुलनेला आहे. तिन्ही प्लग सारखेच काळे असतील, तर दोष तिघांना सामाईक असलेल्या भागात शोधा: एअर फिल्टर, चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी पट्टी), फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), कॉइल (ठिणगीचा करंट देणारा भाग). एकच काळा किंवा ओला असेल, तर कार्बोरेटरला हातही लावू नका, कारण तो तिघांनाही तेच मिश्रण देतो. तिथे त्या एका सिलिंडरचा प्लग, वायर, टॅपेट (व्हॉल्व उघडणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहायचं.

प्लगचा गॅप फिलर गेजने ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. बसवताना हाताने पूर्ण फिरवा. नव्या वॉशरचा प्लग असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, जोर केला तर आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचा खर्च हजारांत जातो.

पायरी तिसरी: कुठला सिलिंडर काम करत नाही

चालू इंजिनवर प्लगची वायर ओढून पाहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती करू नका. उघड्या वायरची ठिणगी पेट्रोलची वाफ पेटवू शकते, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूल जाऊ शकतं. इंजिन बंद असताना एक वायर काढा, तिच्या टोकाला जुना चांगला प्लग लावा आणि त्या प्लगचं धातूचं अंग जंप केबलच्या चिमट्याने इंजिनाच्या धातूला घट्ट जोडा. हा प्लग कार्बोरेटरपासून लांब ठेवा. मग गाडी चालू करा. आवाज आणखी पडला आणि थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच मेलेला. बंद करा, वायर जागेवर लावा, पुढचा तपासा. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद पुरे.

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. नाही गेला तर वायरी बदलून पाहा. मल्टिमीटर असेल तर तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स मोजा. लांबीप्रमाणे थोडा फरक असतो, पण एकच वायर कित्येक पटींनी जास्त दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती गेली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. वायरी उलट्या लागल्या तर गाडी चालूच होणार नाही किंवा कार्बोरेटरमधून उलटा फटका मारेल.

डिस्ट्रिब्युटरची (तिन्ही प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून उजेडात फिरवा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथून पळतोय. ही रेघ पुसून जात नाही, कॅप बदलावी लागते. पावसाळ्यातल्या सकाळी मिस मारणारी आणि ऊन चढल्यावर सुधारणारी गाडी बहुधा याच जागी अडलेली असते. जुन्या मॉडेलमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असतात. त्यांचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पॉइंट निळेकाळे जळले असतील तर कंडेन्सरही त्यांच्याबरोबर बदला. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून टायमिंग त्यानंतर टायमिंग लाइट लावून बघून घ्यायचं, आधी नाही.

पायरी चौथी: चोरटी हवा

तिन्ही प्लग फिकट आहेत, स्लोला रेस वर-खाली होते, चोक थोडा ओढला की इंजिन सुधारतं, अशी लक्षणं दिसली की कार्बोरेटरच्या पुढे कुठूनतरी हवा शिरतेय. चोकने सुधारणं ही चांगली खूण आहे.

इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून पकडीने हलक्या दाबा, पकडीच्या दातांवर चिंधी गुंडाळा. जी दाबल्यावर इंजिन स्थिर होतं, तीत किंवा तिच्या पलीकडे दोष. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचीही नळी दाबून पाहा. डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूम डब्यासाठी एक साधी तपासणी आहे: इंजिन बंद करून जुनी नळी काढा, त्या जागी स्वच्छ नवी नळी लावा, तोंडाने हवा ओढा आणि जीभ टोकावर दाबा. नळी जिभेला चिकटून राहिली तर आतला डायाफ्राम शाबूत आहे. लगेच सुटली तर फाटलाय.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारी नळी) यांच्यामधलं गॅस्केट हे नेहमीचं चोरटं ठिकाण. स्प्रे बाटलीतून साध्या पाण्याची बारीक फवार फक्त त्या जोडावर मारा, डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. आवाज बदलला तर जोड गळतोय. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून पाहण्याची सवय सोडा, गरम इंजिनावर त्याने आग लागते. नट इंजिन गार असताना आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. त्याने थांबलं नाही तर गॅस्केट बदला.

पायरी पाचवी: आता कार्बोरेटर

तिन्ही प्लग काळे असतील तर इथे कारण सापडतं, पण सोप्यापासून सुरुवात करा. एअर फिल्टर उन्हाकडे धरा, पलीकडचा उजेड दिसला नाही तर बदला. मग इंजिन गरम असताना ते बंद करून फिल्टरचा डबा काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. चोकची पट्टी उभी, पूर्ण उघडी हवी. चोकची वायर गंजून अडकली असेल तर दांडा आत ढकलला तरी पट्टी अर्धी मिटलेलीच राहते. ‘मायलेज अचानक पडलं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. वायरीत तेलाचे चार थेंब सोडा, नाहीतर वायर बदला.

पट्टी उघडी आहे, तर तोंडातच थोडा वेळ बघत राहा. इंजिन बंद झाल्यावरही मधल्या नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर फ्लोट चेंबर वाहतंय. चेंबरच्या बाजूला बोटाच्या नखाएवढी गोल काच असते आणि तिच्यावर खूण. स्लोला चालू असताना पेट्रोलची पातळी त्या खुणेच्या आत दिसायला हवी. काच पूर्ण भरलेली म्हणजे पातळी चढलीय. कारणं तीन: नीडल व्हॉल्वमध्ये (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या जागी) कचरा, नीडलचं टोक झिजलेलं, किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल भरलेलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके ठोकून कचरा कधीकधी सुटतो. घरी पोहोचायला तेवढं चालतं, पण दुरुस्ती करावीच लागते. फ्लोट काढून कानाजवळ हलवा, आत खळखळलं तर तो बदला. किट घेताना नीडल आणि तिची सीट, दोन्ही जोडीने बदला. एकच बदलली तर बसत नाही.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात गरम गाडी बंद केल्यावर चेंबरमधलं पेट्रोल उकळून थोडा वास येतो आणि लगेच स्टार्ट करताना त्रास होतो. नीडल ठीक असतानाही असं होऊ शकतं. पाच-दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून वास गेला आणि गाडी नीट चालली, तर कार्बोरेटर खोलायचं कारण नाही.

रेस दिल्यावर छान चालते पण स्लोला थांबतच नाही, अशी गाडी असेल तर स्लोचा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला भाग) बंद झालेला असतो. ज्या कार्बोरेटरला वायर जोडलेला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व) आहे, तिथे चावी चालू-बंद करताना ‘टिक’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर आधी वायर तपासा, मग सोलेनॉइड. जेट हवेच्या झोताने साफ करा. त्यात तार घालू नका. भोक केसभर जरी वाढलं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

पायरी सहावी: टॅपेट आणि कॉम्प्रेशन

एक सिलिंडर मेलेला आहे आणि प्लग, वायर, कॅप सगळं चांगलं आहे, तर टॅपेट पाहा. गार इंजिनवर गॅप ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. टॅपेट वाजतो म्हणून लोक तो आवळून घेतात आणि गाडी शांत झाल्याचा आनंद मानतात. खरा धोका न वाजणाऱ्या, जास्त आवळलेल्या टॅपेटचा असतो. व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, स्लोला कॉम्प्रेशन गळतं आणि काही महिन्यांत व्हॉल्वची कड जळते. त्यातूनही सुधारलं नाही तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या. तीन सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट.

पायरी सातवी: स्क्रू

वरचं सगळं निस्तरल्यावर बऱ्याच गाड्यांना याची गरजच उरत नाही. उरलीच, तर इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर बसवलेला ठेवा, दिवे, पंखा, एसी बंद करा. मिश्रणाचा स्क्रू आत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा आणि मूळ जागी आणा. तळाला टेकल्याचं बोटांना जाणवलं की थांबा. दाबला तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कुठल्याच जागी नीट काम देत नाही.

आता पाव-पाव फेरा फिरवत प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. इंजिनाला एवढा वेळ द्यावाच लागतो. जिथे रेस सगळ्यात वर जाते ती जागा शोधा, तिथून हळूहळू आत घेत जा आणि रेस नुकती उतरायला लागली की थांबा. मग थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास लावा. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

यानंतर पीयूसी केंद्रावर जा आणि मशीनचे आकडे मागून घ्या, नुसता कागद घेऊन निघू नका. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त: पाचवी पायरी पुन्हा पाहा. सीओ कमी पण हायड्रोकार्बन खूप, म्हणजे सिलिंडर मिस मारतोय किंवा हवा शिरतेय: तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे परत जा. नव्याने शिकणाऱ्यासाठी याहून स्वस्त आणि भरवशाची तपासणी नाही.

तुमची ८०० एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) असेल तर गळतीचा आणि प्लगचा भाग तसाच लागू होतो, पण पेट्रोलची लाइन स्वतः उघडू नका. तिथे पेट्रोल दाबाखाली असतं आणि फवाऱ्यासारखं अंगावर येतं. थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि स्लोचा व्हॉल्व आधी साफ करून घ्या, मग स्कॅनर लावा.

पाइप किंवा फिल्टर बदलला असेल तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर क्लिप पुन्हा तपासा, नवं रबर बसल्यावर ती थोडी सैल होते. आणि पुढच्या चार रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरत राहा.